अडकलेला पेच

'पेच' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत पेच म्हणजे पीळ, वळण, वेढा. मराठीत तो आला आणि इथेच रमला. कुस्तीत पेच आले, पतंगांचे पेच लागू लागले, राजकारणात डावपेच आले आणि काय करावं ते सुचेनासं झालं की माणूस पेचात सापडू लागला. याच घराण्यातला एक साधा, गरीब नातेवाईक म्हणजे आपला स्क्रू. हिंदी-उर्दूत त्यालाही पेचच म्हणतात आणि तो फिरवायच्या हत्याराला पेचकस. आपले कारागीर बहुधा 'स्क्रू' असंच म्हणतात. पण न्हाणीघरातल्या शॉवरच्या नळाचा स्क्रू आतल्या आत तुटला, की तो नुसता स्क्रू राहत नाही, खरोखरचा पेच होतो.

विषय किरकोळ वाटेल. एक इवलासा स्क्रू, त्याच्यावर काय बोलायचं? पण थोडा हिशेब करून बघा. नळाची चावी नीट बसत नाही म्हणून शॉवरमधून सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरू. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटरांहून थोडं जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरांहून अधिक पाणी नुसतं टपटपत जातं. थेंबाच्या जागी बारीक धार असेल आणि दहा मिनिटांत एक लिटरचं भांडं भरत असेल, तर दिवसाला १४४ लिटर गेले. पाचशे लिटरची टाकी साडेतीन दिवसांत रिकामी. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, तिथे याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी आलं होतं. ते ज्यांनी पाहिलं, त्यांना थेंबाची किंमत कळते. वाहत्या नदीकाठी बसून वुजू करत असलात तरी गरजेपेक्षा जास्त पाणी घेऊ नका, अशी शिकवण आमच्याकडे लहान मुलांनाही दिली जाते. नदीकाठी जर हा नियम, तर गच्चीवरच्या टाकीला तो किती लागू असेल!

आता मूळ मुद्द्याकडे वळू. नळ दुरुस्त करायचा तर आधी त्याच्या आत काय आहे ते डोळ्यांसमोर आणलं पाहिजे.

आपल्या घरांत शॉवरचे नळ दोन जातींचे असतात. पहिली जात जुनी, वायसरची. चावी तीन-चार वेळा फिरवली की पाणी सुरू होतं. चावीच्या आत पितळेची एक दांडी असते, तिला स्पिंडल म्हणतात. दांडीला आटे असतात. चावी फिरवली की दांडी खाली सरकते, तिच्या टोकाचा रबरी वायसर पाण्याच्या तोंडावर दाबला जातो आणि पाणी बंद होतं. दुसरी जात नवी. चावी पाव वळसा फिरवली की काम झालं. तिच्यात रबरी वायसरच्या जागी चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाच्या, आरशासारख्या गुळगुळीत दोन चकत्या असतात. दोन्हींना भोकं असतात. भोकासमोर भोक आलं की पाणी वाहतं, सरकलं की थांबतं.

दोन्ही जातींत एक गोष्ट सारखी आहे. दांडीच्या बाहेरच्या टोकाला बारीक दाते असतात, त्यांवर चावी बसते आणि चावी निसटू नये म्हणून मधोमध एक स्क्रू असतो. हा स्क्रू बहुधा लाल-निळ्या ठिपक्याच्या टोपीखाली लपलेला असतो. काही चाव्यांत तो मधे नसून बाजूला, खालच्या अंगाला असतो आणि त्याला षटकोनी भोक असतं.

म्हणजे लक्षात घ्या, पाणी अडवण्याचं काम हा स्क्रू करतच नाही. ते वायसर करतो किंवा चकत्या करतात. स्क्रूचं काम एवढंच, की चावी दांडीवर धरून ठेवायची. म्हणून स्क्रू तुटला, चावी हातात आली, तर नळ मेला असं समजून घाबरण्याचं कारण नाही. नळ शाबूत आहे, फक्त त्याला धरायला हात उरलेला नाही.

मग हा स्क्रू तुटतो का? कारणं तीन आहेत.

पहिलं कारण धातूंचं भांडण. दांडी पितळेची, स्क्रू पुष्कळदा लोखंडाचा, वरून चकाकी दिलेला. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे साबणाचं, क्षाराचं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. अशा जोडीत लोखंड झिजतं, पितळ सुखरूप राहतं. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो फुगतो आणि स्क्रू आत चिणून टाकतो.

दुसरं कारण पितळेचं स्वतःचं दुखणं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काही पाण्यांत वर्षानुवर्षं राहिलं की त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे गुलाबीसर, सच्छिद्र, भुसभुशीत तांबं उरतं. बाहेरून आकार तसाच, आत दम नाही. पितळी स्क्रू हात लावताच मोडला आणि मोडलेली बाजू पिवळी न दिसता गुलाबी दिसली, तर समजावं की हे दुखणं आहे. वायसर धरून ठेवणारा दांडीच्या टोकाचा स्क्रू काही नळांत असाच जातो.

तिसरं कारण आपला जोर. जाड गोल सळई पिळाला जेवढी टिकते, तेवढी बारीक सळई टिकत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती फरक पडतो? जाडी निम्मी झाली, तर पीळ सोसण्याची ताकद निम्मी होत नाही, आठव्या हिश्श्यावर येते. गंजाने मानेशी बारीक झालेला स्क्रू आपण पूर्ण ताकदीने फिरवतो, तेव्हा डोकं हातात येतं आणि धड आत राहतं. त्यातून स्क्रू ड्रायव्हर मापाचा नसला, की डोक्यावरची खाच झिजून आणखी वाईट अवस्था होते.

स्क्रू तुटल्या क्षणी काय करायचं, ते आता सांगतो. शॉवर चालू असताना चावी हातात आली आणि पाणी गरम असेल, तर आधी बाजूला व्हा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं. म्हाताऱ्या माणसांची आणि लहान मुलांची त्वचा पातळ असते, त्यांना त्याहूनही कमी वेळ पुरतो. बाहेर येऊन गीझरचं बटण बंद करा. मग गच्चीवरचा किंवा न्हाणीघराच्या वर असलेला व्हॉल्व्ह बंद करा. तो बंद होत नसेल, तर नळाच्या उघड्या दांडीवर कापड गुंडाळा, पकडीने ती हलक्या हाताने धरा आणि फिरवा. वायसरचा नळ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बंद होतो. पाव वळशाच्या नळात गरम आणि गार बाजूंच्या दिशा उलटसुलट असू शकतात, म्हणून एका बाजूला अडलं तर जोर न करता दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. कापड अशासाठी की दांडीवरचे दाते मोडू नयेत. ते मोडले तर नवी चावीसुद्धा बसणार नाही.

पाणी थांबलं, आता घाई नाही. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर बारीक भाग नेमका तिथेच जाऊन पडतो. नळाखालच्या फरशीवर जुनी सतरंजी किंवा पोतं अंथरा, पकड सुटली तर फरशीला टवका उडणार नाही.

आमच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. अडकलेल्या स्क्रूबद्दल मी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "भाई, आधी तेल, मग वेळ, मग अक्कल आणि सगळ्यात शेवटी जोर. लोक शेवटापासून सुरुवात करतात." उरलेल्या स्क्रूला बाहेर काढण्याचा हाच क्रम आहे.

तेल म्हणजे गंज सोडवणारं पातळ तेल, हार्डवेअरच्या दुकानात फवाऱ्याच्या डब्यात मिळतं. खोबरेल किंवा गोडं तेल इथे फार उपयोगाचं नाही, ते दाट असतं आणि फटीत शिरत नाही. दोन-चार थेंब आट्यांच्या तोंडाशी सोडा आणि काही तास थांबा. मधून मधून हातोडीने अगदी हलके टिचके मारा. त्याने गंजाची पकड सुटते आणि तेल आत उतरतं. चुन्यासारखा पांढरा थर बसला असेल, तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर लावून थोड्या वेळाने पुसून काढा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र वापरू नका. ते नळाची चकाकी आणि पितळ दोन्ही खातं, आणि ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात हा खेळ जिवावर बेततो.

स्क्रूचा तुकडा थोडासा बाहेर डोकावत असेल, तर तुम्ही नशीबवान. घट्ट पकडणाऱ्या ग्रिप प्लायरने तो धरा. लगेच उलटा फिरवू नका. आधी केसभर आवळा, मग केसभर सैल करा, पुन्हा आवळा. अशा मागेपुढे हालचालीने गंज आतल्या आत चुरडला जातो. एकदा का पाव वळसा मिळाला, की पुढचं काम सोपं.

तुकडा थोडा बाहेर असून पकडीत मावत नसेल, तर करवतीच्या पात्याच्या तुकड्याने किंवा बारीक कानशीने त्याच्या माथ्यावर आडवी खाच पाडा आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने फिरवा. खाच मधोमध आणि पुरेशी खोल हवी, नाहीतर काठ मोडतो.

तुकडा आत खोल असेल, तर माझा सल्ला असा की भिंतीवर झटापट करू नका, दांडीच बाहेर काढा. नळाच्या वरच्या भागाला सहा कडा असतात, तिथे पाना लावून तो अख्खा भाग फिरवून काढता येतो. दांडी हातात आली की ती टेबलावरच्या व्हाइसमध्ये धरून काम करता येतं आणि भिंतीतल्या पाइपवर ताण येत नाही. रबरी भाग काढून दांडी उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. पितळ तापल्यावर लोखंडापेक्षा जवळजवळ दीडपट जास्त प्रसरण पावतं. हा फरक केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी असतो, पण गंजाची पकड हलवायला पुष्कळदा तेवढाच पुरतो. तेल लावलेला भाग मात्र उघड्या ज्योतीवर धरू नका.

एवढ्यानेही निघाला नाही, तर ड्रिल. माथ्याच्या बरोबर मध्यावर टोकदार पंचाने खूण करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. स्क्रू चार-पाच मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणून सुरुवात दोन मिलिमीटरच्या ड्रिलने करा. या भोकात उलट्या आट्यांचं एक्स्ट्रॅक्टर नावाचं हत्यार घालून डावीकडे फिरवलं की ते स्क्रूत रुतत जातं आणि स्क्रूला सोबत घेऊन बाहेर येतं. पण ते फार कठीण पोलादाचं आणि म्हणूनच ठिसूळ असतं. जोर जास्त झाला तर तेच आत मोडतं, आणि मग त्याच्यावर साधं ड्रिल चालत नाही. एका पेचात दुसरा पेच. ड्रिल वापरताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि विजेचं यंत्र ओल्या न्हाणीघरात न वापरता कोरड्या जागी वापरावं, हे सांगायला नकोच.

एक साधा व्यवहारही लक्षात ठेवा. वायसरच्या नळाची दांडी, किंवा पाव वळशाच्या नळातला आतला संच, दुकानात सुटा मिळतो आणि अख्ख्या नळाच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतो. दोन तास खपूनही स्क्रू निघत नसेल, तर नवा संच घालणं शहाणपणाचं. जाताना जुना भाग सोबत न्या. लांबी, आटे आणि दातांची संख्या, तिन्ही जुळली पाहिजेत. दुकानदार 'अर्धा इंची' म्हणेल आणि तुम्ही मोजाल तर पाइपचे आटे बाहेरून सुमारे २१ मिलिमीटर भरतील. तो फसवत नाही. अर्धा इंच हे जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीचं माप. हे आटे जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याच्या कुळातले आहेत. त्याने १८४१ मध्ये सगळ्या कारखान्यांनी आट्यांचं एकच माप पाळावं असं सुचवलं आणि आट्यांचा कोन ५५ अंश ठरवला. चावीचा स्क्रू मात्र आता बहुधा मिलिमीटरच्या मापाचा, ६० अंशांच्या कोनाचा असतो. म्हणून डब्यात सापडला तो स्क्रू दामटून बसवू नका, दांडीतले आटे कायमचे जातील.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भिंतीत गाडलेल्या नळाचा वरचा भाग सुटत नसेल, तर लांब पाना लावून हिसका देऊ नका. नळाचं अंग दुसऱ्या पान्याने धरता येत असेल तर धरा. एक पाना धरायला, एक फिरवायला. ते धरता येत नसेल, तर थांबा. तुमचा सगळा जोर भिंतीतल्या सांध्यावर जातो. हल्लीच्या प्लास्टिकच्या पाइपांत, जिथे पितळी आटे प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात, तिथे बारीक चीर पडते. ती त्या वेळी दिसत नाही. नळ छान चालू होतो. काही आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या छतावर पिवळट डाग उमटतो, पोपडे पडतात आणि मग सोसायटीच्या सभेत वर्षानुवर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे होतात. एका स्क्रूपायी फरशी फोडावी लागते, आणि फरशी पुन्हा बसवता येते तशी माणसं बसवता येत नाहीत.

अशा वेळी प्लंबरला बोलवावं. प्लंबर हा शब्द शिशाच्या लॅटिन नावावरून, प्लंबमवरून आला, कारण एके काळी पाण्याचे नळ शिशाचे असत. आपल्या देशात ठिकठिकाणी राबणाऱ्या प्लंबरांमध्ये ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने आहेत. त्या जिल्ह्यात पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. घर सोडून हजार-दीड हजार किलोमीटरांवर आलेला हा माणूस आपल्या भिंतीत कान लावून पाणी ऐकतो. 'दहा मिनिटांच्या कामाचे एवढे पैसे?' असं त्याला म्हणण्याआधी, ती दहा मिनिटं शिकायला त्याला किती वर्षं लागली असतील याचा विचार करावा. त्याला फोन करतानाच नळ वायसरचा की पाव वळशाचा, भिंतीत की बाहेर, स्क्रू किती आत तुटला, हे सांगा. योग्य हत्यार घेऊन येईल, एक हेलपाटा वाचेल.

जोडणी करताना नवा स्क्रू स्टेनलेस स्टीलचा घ्या. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. व्हॅसलिन स्क्रूला चालेल, रबरी वायसरला नको, त्याने काही जातींचं रबर फुगतं. स्क्रू हाताला घट्ट लागला की थांबा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. चावीच्या बुडाशी कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून पाच मिनिटांनी बघा, कागद सगळं खरं सांगतो. शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ थेंब पडले तर लगेच निराश होऊ नका, ते शॉवरच्या झाऱ्यात अडकलेलं पाणी असतं. पंधरा-वीस मिनिटांनीही टपटप चालूच असेल, तर वायसर किंवा चकत्या बघाव्या लागतील.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी म्हणा किंवा दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, घरातल्या प्रत्येक चावीचा स्क्रू सैल करून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा. नळामागे पाच मिनिटं लागतात. आणि एक काम आजच करा. घरातल्या सगळ्यांना, मुलांना आणि आजी-आजोबांनाही, न्हाणीघराचा व्हॉल्व्ह कोणता ते दाखवून ठेवा. त्यावर रंगाने खूण करा आणि तो खरोखर फिरतो का, हेही एकदा फिरवून बघा.